चेन्नईत घर बघण्याआधी पाणी विचारा : ओएमआरवरच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी चेन्नईत आलेल्या आणि यायच्या तयारीत असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. मी वाईची. ओएमआरवरच्या, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या, एका कंपनीत काम करते आणि त्याच रस्त्यावर शोळिंगनल्लूरला भाड्याने राहते. या शहरात मी नवीनच आहे. मुरलेल्या चेन्नईकरांना यातलं बरंच पाठ असेल, पण माझ्यासारख्या नव्या माणसाला ते आधी कुणी सांगत नाही.

आपल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, त्यांची उत्तरं आधी देऊन टाकते. उकाडा सोसतो का? मे महिना खरंच कठीण. दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला तर दिवस निभतो, आणि तो उशिरा आला तर पारा चाळीसच्या वर जातो. हिंदीवर भागतं का? ओएमआरवरच्या ऑफिसात भागतं, बाजारात भागत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. मोडकंतोडकं तमिळ बोललात तर भाजीवाली आजीसुद्धा थांबून शब्द नीट करून देते. पोळ्या करणाऱ्या बाई मिळतात. साध्या बसमध्ये बायकांना 2021 पासून तिकीट लागत नाही, आणि रात्री उशिराच्या बसमध्येही मला कधी अवघडल्यासारखं झालेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत मैलापूरच्या गल्ल्यांत पहाटे दारोदारी कोलम म्हणजे इथली रांगोळी काढलेली असते, सभांमधून म्हणजे संगीतसंस्थांच्या सभागृहांतून दिवसभर गाणं चालू असतं आणि सभेच्या कॅन्टीनमध्ये केळीच्या पानावर जेवण मिळतं. हे सगळं अनुभवा. शहर मायाळू आहे.

पण यापेक्षा मोठा प्रश्न आपल्यातलं कुणी विचारत नाही. इथे प्यायचं पाणी कुठून येतं, आणि पावसाचं पाणी कुठे जातं?

आपल्या डोक्यात चेन्नई म्हणजे कोरडं, रखरखीत शहर. प्रत्यक्षात इथे वर्षाला सरासरी 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळपास दुप्पट. फरक वेळेचा आहे. जूनमध्ये आपल्याकडे पेरण्यांची घाई असते तेव्हा इथे तुरळक सरी येतात. खरा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, आणि तोही बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतील तसा. वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस या थोड्या आठवड्यांत कोसळतो. जमीन जवळजवळ सपाट, शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम सहा-सात मीटर उंचीवर. कूवम आणि अड्यार या नद्यांची मुखं वाळूच्या दांड्यांनी अडलेली असतात. भरतीची वेळ असेल तर पाणी पुढे सरकतच नाही.

इथल्या जुन्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून चेन्नई, कांचीपुरम आणि चेंगलपट्टूच्या सबंध पट्ट्यात त्यांनी एरी बांधल्या. एरी म्हणजे उताराच्या आडवा मातीचा बांध घालून केलेला तलाव. वरची एरी भरली की तिच्या सांडव्यावरून पाणी खालच्या एरीत, तिथून आणखी खालच्या एरीत, असं गावोगावचं पाणी एकमेकांना जोडलेलं. ज्यांनी भंडारा-गोंदियाचे मामा तलाव पाहिलेत त्यांना ही रचना लगेच कळेल. नोव्हेंबरचा पूर या एऱ्या पोटात घेत आणि मे महिन्यापर्यंत विहिरी जिवंत ठेवत. त्यांतल्या किती तरी आज शहराखाली आहेत. आपण दिवाळीच्या खरेदीला ज्या टी. नगरला जातो ते 1920च्या दशकात मांबलमचा लांबलचक तलाव बुजवून वसवलं. नुंगंबाक्कमच्या तलावावर 1976 साली वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. वेलाचेरीची एरी आक्रसत आक्रसत थोडीशी उरली आहे.

आता आपल्या ओएमआरकडे या. तुरैपाक्कमहून पल्लावरमला जाणारा रेडियल रोड पकडलात की दोन्ही बाजूंना पाणी आणि लव्हाळं दिसतं. ही पल्लिकरणैची पाणथळ. बसच्या खिडकीतूनसुद्धा झोळीवाले, जांभळ्या पाणकोंबड्या आणि थंडीत रोहितांचे थवे दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले होते. पाणकोंबडी लव्हाळ्याचं देठ एका पायात धरून, त्याचं टोक सोलून खात होती, आणि मागे कचऱ्याच्या डोंगरावर यंत्रं चालू होती. तो पेरुंगुडीचा कचरा डेपो, या पाणथळीतच वसवलेला.

दक्षिण चेन्नईच्या सुमारे 250 चौरस किलोमीटर प्रदेशातलं पावसाचं पाणी, तीसहून अधिक तलावांच्या सांडव्यांचं पाणी, सगळं आधी इथे येतं. इथून ते ओक्कियम मडुवु नावाच्या एका चिंचोळ्या वाटेने बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे मुट्टुकाडूजवळ समुद्रात जातं. साठच्या दशकात ही पाणथळ पाच हजार हेक्टरांहून मोठी होती असं सांगतात. 2022 साली तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला तो जेमतेम 1,248 हेक्टरांपुरता. मधली जागा कुठे गेली? रस्ते, सरकारी संस्था, कचरा डेपो, रेल्वे स्थानकं, आयटी पार्क आणि आपल्या सोसायट्या. मी ज्या इमारतीत बसून पगार मिळवते तीही त्याच सखल पट्ट्यात आहे.

म्हणून डिसेंबर 2015 आणि डिसेंबर 2023 हे दोन महिने नीट समजून घ्या. 2015 साली पावसाबरोबरच चेंबरंबाक्कम तलावाचं पाणी अड्यारमध्ये सोडलं गेलं. शहराचा मोठा भाग बुडाला, विमानतळ काही दिवस बंद राहिला, तमिळनाडूत शेकडो माणसं गेली. 2023 साली मिचाँग चक्रीवादळाने वेलाचेरी, पल्लिकरणै, पेरुंबाक्कम, तुरैपाक्कम या भागांत कित्येक दिवस पाणी साचून राहिलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हाचे फोटो अजून फिरतात आणि खाली शेरे असतात, “या लोकांनी शहराची वाट लावली.” मला हे वाचून राग येतो. पाणथळीवर ज्यांच्यासाठी भराव पडला त्यांत आपण आहोत. आपल्या नोकऱ्यांसाठी पार्क आले आणि आपल्या पगारांच्या भरवशावर टॉवर उठले.

या दोन पुरांच्या मध्ये 2019 येतं. त्या वर्षी जूनमध्ये पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव आटले. आयटी कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं, खाणावळींनी जेवणं कमी केली. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं गेलं, एका फेरीत 25 लाख लिटर. मिरजेहून लातूरला 2016 साली गेलेली पाण्याची गाडी आपल्याला विसरता येत नाही. समुद्राकाठच्या एवढ्या मोठ्या शहरावर तीच वेळ आली. चारही तलाव काठोकाठ भरले तरी त्यांत मिळून सुमारे 11 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. आमच्या वाईजवळच्या एकट्या धोम धरणाची क्षमता साडेतेरा टीएमसी आहे. तेव्हा एखादा मोसम हुकला की काय होतं ते समजायला तज्ज्ञ लागत नाही.

धोमचं नाव उगाच काढलं नाही. चेन्नईच्या पाण्यात आपल्या कृष्णेचा वाटा आहे, आणि हे इथल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतं. 1976च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातलं प्रत्येकी 5 टीएमसी पाणी मद्रासला प्यायला द्यायचं कबूल केलं. एकूण 15, वाटेतली घट धरून 12. श्रीशैलमहून निघालेलं हे पाणी सोमशिला आणि कंडलेरु जलाशयांमार्गे, शेवटी दीडशेएक किलोमीटरच्या कालव्याने ऊत्तुकोट्टैपाशी तमिळनाडूत येतं आणि पूंडीच्या तलावात पडतं. 1996 मध्ये ते पहिल्यांदा तिथे पोचलं. बहुतेक वर्षी ठरल्यापेक्षा बरंच कमी येतं, कारण वाटेवरच्या शेतकऱ्यांनाही ते हवंच असतं. दुष्काळी माण-खटाव ज्या नदीच्या खोऱ्यात आहे, त्या नदीच्या पाण्यातून महाराष्ट्राने हा हिस्सा सोडला आहे. इथे अर्धा तास शॉवर सोडून ठेवणाऱ्या मराठी तरुणाला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते आहे.

आपली मंडळी इथे आली की पहिल्या-दुसऱ्या रविवारी जॉर्ज टाउनच्या कालिकांबाळ मंदिरात जातात, कारण 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी तिथे दर्शन घेतलं असं मंदिरात आवर्जून सांगितलं जातं. जरूर जा. पुढच्या रविवारी पुळलच्या बांधावर जा. शहर ज्या पाण्यावर जगतं ते डोळ्यांनी एकदा बघा.

आता सोसायट्यांबद्दल. नावलूर, पाडूर, केळंबाक्कम, सिरुसेरी हा भाग चेन्नई महापालिकेच्या हद्दीत येतच नाही, तिथे ग्रामपंचायती आहेत. शोळिंगनल्लूरसारखे भाग 2011 साली पालिकेत आले, तरी नळाचं पाणी सगळीकडे पोचलेलं नाही. मग तुमच्या पंधराव्या मजल्यावर पाणी येतं कुठून? लॉरीने. पहाटे पाचच्या सुमारास मागे घेताना वाजणारा भोंगा ही ओएमआरवरची भूपाळी आहे. आमच्या इमारतीत बारा हजार लिटरची लॉरी आली की वॉचमन दादा आधी झाकण उघडून पाणी कितपत भरलंय ते बघतात, थोडं बाटलीत घेऊन त्यात मीटर बुडवतात, वहीत आकडा लिहितात आणि मगच जाड पाइप सम्पमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, सोडू देतात. क्षार जास्त निघाले तर लॉरी परत जाते. ते पाणी कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीतून उपसलेलं असतं. समुद्राकाठच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. वरून बेसुमार उपसा झाला की खालचं खारं पाणी चढतं, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोड व्हायला कित्येक मोसम जातात. तुम्ही महिन्याला मेंटेनन्स भरता त्यात या उपशाचे पैसे आहेत. सांडपाण्याचीही बऱ्याच ठिकाणी हीच गत : ड्रेनेज लाइन नाही, इमारतीचं शुद्धीकरण केंद्र बंद पडलं की दुसऱ्या लॉरीतून मैला बाहेर जातो, आणि तो कुठे ओतला जातो हे कमिटीत कुणी विचारत नाही.

समुद्राचं पाणी गोडं करतात ना, असं मला एकाने ऐकवलं. करतात. मिंजूरचा प्रकल्प 2010 पासून आणि नेम्मेलीचा 2013 पासून रोज प्रत्येकी दहा कोटी लिटरच्या क्षमतेने, आणि 2024 साली नेम्मेलीला आणखी पंधरा कोटींची भर पडली. या प्रकल्पांनी शहराला मोठा आधार दिला हे खरं. पण त्याला वीज प्रचंड लागते, आणि उरलेलं अतिखारट पाणी परत समुद्रात जातं, त्याबद्दल किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या तक्रारी आहेत. आकाशातून फुकट पडणारं 1,400 मिलिमीटर पाणी गटारात सोडून समुद्राचं पाणी विकत घ्यायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

आणि याच शहराने उपाय करून दाखवला आहे. तमिळनाडूने 2003 साली प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची केली, आपल्याकडच्या किती तरी शहरांच्या आधी. मंदवेळीला माझ्या मैत्रिणीच्या आई राहतात, त्यांना मी मामी म्हणते. त्यांच्या जुन्या घरात मागे विहीर आहे. सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी गेले तर अंगणात पहारीने फरशी उचलून ठेवलेली, आणि एक माणूस खड्ड्यातली वाळू घमेल्याने उपसत होता. वरची वाळू काळी, चिकट झालेली. ती टाकून दिली. खालचे गोटे नळाखाली एकेक चोळून धुतले. मग तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर नवी वाळू असे थर परत लावले. गच्चीवरचं पाणी पाइपाने या खड्ड्यात येतं आणि गाळून विहिरीत उतरतं. मामींनी गच्चीही स्वतः झाडून घेतली होती, पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवली होती. 2019च्या उन्हाळ्यात गल्लीत सगळे लॉरीसाठी रांगेत असताना या विहिरीने तळ दाखवला नाही, असं त्या सांगतात. “दरवर्षी करावं लागतं. एक वर्ष चुकवलं की खड्डा मेला,” त्या म्हणाल्या. सत्तरीच्या बाई हे दरवर्षी करवून घेतात, आणि आमच्या आठशे फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये तेच खड्डे कुठे आहेत हे कमिटीला नकाशा काढून शोधावं लागलं. दोन तर पार्किंगच्या टाइल्सखाली निघाले.

तेव्हा माझं मागणं असं आहे. घर भाड्याने घ्या नाही तर विकत, मॉड्युलर किचन बघण्याआधी सम्प बघा. लॉरीचं पाणी किती आणि बोअरचं किती, ते वॉचमनला विचारा, तो एजंटपेक्षा खरं सांगेल. त्या भागातल्या जुन्या गावठाणात चहाच्या टपरीवर जाऊन विचारा की 2015 आणि 2023 साली पाणी कुठवर चढलं होतं, इथून एरीचा सांडवा कुठे वाहत होता. म्हातारी माणसं हात करून दाखवतात. विकत घेणार असाल तर जमिनीचे जुने सर्व्हे नकाशे वकिलाकडून तपासून घ्या. बिल्डरचं ब्रोशर पुरावा म्हणून धरू नका. पाणथळीला लागून ‘लेक फेसिंग’ फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. तुम्ही घेतलात तर बिल्डर तसाच पुढचाही बांधेल.

सोसायटीच्या कमिटीवर मराठी माणसं बऱ्याच ठिकाणी आहेत, गणपतीचा कार्यक्रम आपण दणक्यात करतो. गणपती विसर्जनानंतर काही आठवड्यांतच ईशान्य मोसमी येतो. त्याच मांडवात खड्ड्यांच्या साफसफाईची तारीख ठरवा. ओएमआरच्या पश्चिमेला चिकणमाती आहे, पाणी पटकन मुरत नाही, तिथे गच्चीचं पाणी गाळून थेट सम्पमध्ये घ्या. पावसाळ्यातले लॉरीचे पैसे त्यातून वाचतात. आणि इथे दीर्घकाळ राहणार असाल तर मतदारयादीत नाव इथे आणा. पालिकेचे 200 वॉर्ड आहेत, आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला तलावाबद्दल प्रश्न विचारायचा हक्क तेव्हाच मिळतो.

एक गोष्ट राहिली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या अक्का बहुतेक पेरुंबाक्कम नाही तर सेम्मंचेरीच्या सरकारी इमारतींतून येतात. त्यांतल्या अनेकजणी मुळात कूवम आणि अड्यारच्या काठच्या. नदीपात्रात अतिक्रमण म्हणून त्यांच्या झोपड्या काढल्या आणि त्यांना वीस-पंचवीस किलोमीटरवर, याच पाणथळीच्या कडेला आणून वसवलं. नदीकाठी पूर येत होता, इथेही येतो. आमच्याकडे येणाऱ्या अक्कांच्या घराखाली मिचाँगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, जिन्यातून खाली उतरता येत नव्हतं, प्यायचे कॅन दोरीने वर ओढून घ्यावे लागले. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या एका घरातून त्यांना रोज फोन जात होता, कधी येणार म्हणून. महिन्याच्या शेवटी त्या दिवसांचे पैसे कापले गेले.

ते आपल्यापैकी कुणी करू नये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रेड अलर्ट लागला की आदल्या दिवशी अक्कांना स्वतःहून सुट्टी सांगा आणि पगार पूर्ण द्या. त्यांचा ब्लॉक आणि मजला तुमच्याकडे लिहून ठेवा. सोसायटीत बोट आली, पाण्याचे कॅन आले, जेवणाची पाकिटं आली, तर त्यांतली काही पेरुंबाक्कमला पाठवायची हे कमिटीत आधीच ठरवून ठेवा. पाणी चढल्यावर मीटिंग घेता येत नाही.

कळावे,
वाईची एक रहिवासी, सध्या मुक्काम शोळिंगनल्लूर, चेन्नई